तैफूरचा तयार कान

अत्बराच्या रेल्वेत तैफूरने एकतीस वर्षं चाकं ठोकली. गाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं. बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा. मग खडूने फुली मारायची आणि डबा बाजूला काढायचा. एकतीस वर्षांत आपली एकही फुली खोटी ठरली नाही, हे त्याने भेटेल त्या प्रत्येक माणसाला सांगितलं होतं. काहींना दोनदा.

पुढे गाड्याच इतक्या कमी झाल्या की ठोकायला चाक उरेना. तैफूर घरी बसला. घरी बसलेला पुरुष म्हणजे दारात उभा केलेला उंट. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाने त्याला वळसा घालायचा. त्याची बायको बतूल वर्षभर वळसे घालून कंटाळली होती.

त्याच सुमारास अबू हमदच्या वाळवंटात सोनं सापडायला लागलं. माणसं मशीन घेऊन जात होती. एक काठी, तिच्या टोकाला थाळीएवढं चाक, कानाला हेडफोन. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण सतत चालू असते. थाळीखालच्या जमिनीत धातू असला की ती गुणगुण बदलते. तैफूरने हे ऐकलं आणि तो उठून बसला.

"म्हणजे ऐकायचंच काम! मग हा तर माझाच धंदा की."

"तुझा धंदा लोखंडाचा," बतूल म्हणाली. "सोन्याने आजवर तुला हाक मारलेली मला तरी आठवत नाही."

पण गल्लीभर सांगून झालं होतं. एवढ्या लोकांना सांगितल्यावर न जाणं शक्यच नव्हतं.

वाळवंटात तो हसबल्लाच्या टोळीत शिरला. टोळी आठ जणांची होती: सहा खणणारे, स्वयंपाकाला बखीत आणि स्वतः हसबल्ला. तो रुबाताबी जमातीचा, आणि त्या लोकांची जीभ सगळ्या सुदानला माहीत आहे. रुबाताबी माणसाने तुम्हाला कशाची उपमा दिली की ती जन्मभर चिकटते, शिवाय काहीतरी वाईट घडतं म्हणतात. म्हणून त्याने तोंड उघडलं की आसपासचे आधीच "अल्ला राखो" पुटपुटायचे. त्याने तैफूरला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कान तयार आहे म्हणता, उस्ताद?"

"एकतीस वर्षं."

"मग घ्या मशीन. आमच्यात एकाचाही कान धड नाही. वाळूने भरलेत."

तळ एका कोरड्या ओढ्याच्या काठी होता. पहिल्या दिवशी तैफूरला आठ खणखणीत आवाज मिळाले. एकेक आवाज असा स्वच्छ की त्याचा ऊर भरून यायचा. पोरांनी कुदळी मारल्या. निघाले ते सार्डिनचे पाच डबे, उंटाच्या खोगिराची कडी, तंबूची खुंटी आणि बंदुकीच्या गोळीचं टरफल. दुसऱ्या दिवशीही तेच. हातात मशीन, कमरेत वाकलेला, कान टवकारलेला तैफूर बघून हसबल्ला म्हणाला, "विहिरीत पडलेल्या शेळीला 'कशी आहेस' विचारणारा गुराखी बघितलाय का कोणी?"

"अल्ला राखो," सगळे म्हणाले आणि पोट धरून हसले.

खणखणीत आवाजांच्या मधेमधे दुसरे आवाजही यायचे. गुणगुण जराशी खाली बसायची, पुन्हा वर यायची. कधी नुसती थरथरायची. चोरासारखे, कच्चे आवाज. तैफूर त्यांच्यावर थांबायचाही नाही. बद्द म्हणजे वाईट. हे त्याच्या कानात एकतीस वर्षं मुरलं होतं आणि त्यात चूक काढण्याची सोय नव्हती.

नवव्या दिवशी त्याने निकाल दिला. "या ओढ्यात काही नाही."

हसबल्लाने कोरड्या ओढ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"माझी फुली खोटी ठरत नाही."

तंबू उपटले, कोसभर पूर्वेला नेले आणि तैफूरने मशीन फिरवून 'इथे काही नाही' म्हटलेल्या जागी लावले. तिकडेही तैफूर तीन दिवस आपल्याच तोऱ्यात फिरला. चौथ्या दिवशी तळातळांवर चहा विकत फिरणारी बाई आली आणि आल्या-आल्या म्हणाली, "तुम्ही सोडलेल्या ओढ्यात तांबड्या समुद्राकडचे बेजा लोक उतरलेत. काल त्यांना सोनं लागलं. आज परत लागलं."

हसबल्ला जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. रुबाताबी माणूस गप्प बसला तर त्याने शिव्या दिलेल्या परवडल्या. ज्वारीच्या भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवून त्याने खाल्ला, हात पुसले आणि मग बोलला.

"गुरुवारी पाण्याचा टँकर येतो. तोवर मला सोन्याचा एक कण दाखवा, उस्ताद. नाहीतर त्या दिवसापासून मशीन बखीतकडे आणि पातेलं तुमच्याकडे."

बखीत कांदा चिरत होता. त्याचा हात थांबला. "मामा, मसूर आदल्या रात्री भिजवावे लागतात बरं का," तो फार प्रेमाने म्हणाला.

तैफूरला झोंबलं ते पातेलं. अत्बराला परत जाऊन काय सांगणार? कान घेऊन गेलो होतो आणि आमटीचा डाव घेऊन आलो?

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो ओढ्याकडे चालत गेला. बेजांच्या टोळीत मशीन ओनूर नावाच्या माणसाकडे होतं. डोक्यावर केसांचं जंगल, त्यात खोचलेला लाकडी कंगवा, पुढ्यात आलं घातलेली कॉफी. तैफूरने सलाम केला. उत्तर नाही. पुन्हा केला, मोठ्याने.

"या बाजूने बोल," ओनूर डाव्या कानावर बोट ठेवून म्हणाला. "उजवा गेला. बंदरात असताना सुरुंग उडाला शेजारी. डावाही अर्धाच आहे."

तैफूर बघतच राहिला. "मग तू मशीन कसं ऐकतोस?"

"ऐकतो कुठे? गुणगुण चालू असते. ती चालू आहे एवढं कळतं. बदलली की खणतो."

"कशी बदलली की?"

"कशीही. मला चांगला आवाज, वाईट आवाज काही कळत नाही रे बाबा. म्हणून सगळंच खणतो. बस, कॉफी घे."

"पण सगळे खड्डे कसे खणणार? जन्म जाईल."

"आधी पायाने दोन बोटं माती सरकवायची. पुन्हा मशीन फिरवायचं, आधी असं, मग आडवं. आवाज गेला तर माती बोलत होती. दोन्हीकडून तिथेच राहिला आणि वाढला तर खाली काहीतरी आहे. काय आहे ते खड्ड्याला विचारायचं. तू कोणाला विचारतोस?"

 कॉफी पिऊन तैफूर ओढ्यात खाली उतरला आणि बेजांचे खड्डे बघत फिरला. तिरक्या शिळेखाली एक. काटेरी झाडाच्या बुडाशी दोन. वळणावर, पांढऱ्या गारगोटीच्या पट्ट्यात एक. प्रत्येक जागी त्याचे पाय आपोआप थांबले. या चारही जागा त्याने ऐकल्या होत्या. चारही ठिकाणी गुणगुण खाली बसली होती, आणि चारही वेळा तो तोंड वाकडं करून पुढे गेला होता.

परत येताना त्याने हे कोणालाही सांगितलं नाही.

आता सांगते, त्याने काय करायला हवं होतं. सरळ आपल्या नव्या तळावर यायचं, गेल्या तीन दिवसांत इथे जे कच्चे आवाज सोडले होते तिथे जायचं आणि खणायचं. पण तिथे गेलं असतं तर सहा खणणाऱ्यांसमोर, बखीतसमोर, हसबल्लासमोर कबूल करावं लागलं असतं की हा आवाज मी आधीच ऐकला होता आणि टाकून दिला होता. पुरुष माणूस ओझं म्हणून डोंगर उचलेल, पण शब्द मागे घ्यायचा म्हटला की कंबर धरते. तैफूर नव्या, अनोळखी जमिनीवर गेला आणि तिथे ओनूरची रीत चालवायला लागला.

तीन दिवस. पायाने माती सरकव, ऐक, आडवं फिरव, ऐक. खण. मूठभर माती थाळीवर धर, वाजत नाही, टाक. दुसरी मूठ. वाजली! तिची अर्धी कर, त्याची अर्धी कर, शेवटी तळहातावर उरतो गंजलेल्या तारेचा तुकडा, नखाएवढा. पुढचा खड्डा: काळा दगड. हे काळे दगड स्वतःच गुणगुणतात, त्यांना धातू लागत नाही. एक फोडला तर दोन्ही तुकडे गुणगुणायला लागले. त्याने ते दोन्ही लांब फेकले आणि पुढचा खड्डा धरला.

सगळ्यात वैताग याचा होता की काहीच कळत नव्हतं. चाक ठोकलं की निकाल लागायचा, तिथल्या तिथे. इथे तारेचा आवाज, दगडाचा आवाज, गोळीतल्या शिशाचा आवाज सगळे सख्खे भाऊ. यातला सोन्याचा कुठला? त्याने तो आजवर ऐकलाच नव्हता. म्हणजे ऐकला असेलही.

टेकाडावर चढलं की फोनला रेंज यायची. बतूलने विचारलं, "मग? काय निघालं?"

"दगड."

"कसला?"

"गाणारा."

 "जेवतोस का नीट?" तिने विचारलं. त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी टँकर धुरळा उडवत आला तेव्हा त्रेचाळीस खड्डे झाले होते. हसबल्ला एकेका खड्ड्यापाशी जाऊन आला. कडेला तैफूरने मांडून ठेवलेली तार, खिळे, शिसं, दगड त्याने चपलेने उलटे-पालटे केले.

"खड्डे चांगले आहेत," तो म्हणाला. "आधी तुम्ही मला नुसती मतं आणून देत होता. पण कण कुठाय?"

"नाही."

"मग बखीत, हात धू."

बखीत हात धुऊन आधीच उभा होता. तैफूरने हेडफोन गळ्यातून काढला, त्याच्या हातात दिला आणि दोन पावलं गेला. मग वळला. इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला, आणि तो कोणावर आहे हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं.

"उगाच सगळीकडे फिरवत बसू नकोस," तो बखीतवर ओरडला. "त्या वाकड्या बाभळीच्या सावलीत एक आहे. गुणगुण खाली बसते, अर्धा श्वास थांबते, मग वर येते. आपल्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाजवळ दोन, हातभर अंतरावर. एक थरथरतो, दुसरा नुसता जाड होतो. ते उंचवट्यावर तीन काळे दगड दिसतात ना? दगडांचा आवाज वेगळा, त्यांच्या मधला वेगळा. मी सगळे सोडलेत. ओढ्यातले चारही मीच सोडले! शिळेखालचा, झाडाखालचे दोन, वळणावरचा. मी ऐकले आणि पुढे गेलो. बद्द वाजतात म्हणून!"

कोणी हसलं नाही. टँकरवाला नळी हातात धरून तसाच उभा राहिला, पाणी पिंपाच्या बाहेर सांडत होतं तरी.

हसबल्ला हळूहळू जवळ आला. बेजांचे खड्डे त्यानेही बघितले होते. शिळा, झाड, वळण, सगळं बरोबर होतं.

"उस्ताद, तुम्हाला हे सगळे आवाज आठवतात?"

"एकतीस वर्षांत ज्या चाकांवर फुली मारली त्यातलं एकेक आठवतं. हे तर या पंधरा-वीस दिवसांतले आहेत."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

तैफूरचा पाय आपोआप दोन बोटं माती सरकवायला लागला.

"सोमवारपासून इथे खड्डा करतोय, तिथे खड्डा करतोय! अरे, घरात दाणे असून दारोदार झोळी घेऊन फिरणारा उंटावरचा शहाणा—" हसबल्लाचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. "बखीत, दे ते मशीन इकडे."

"पण आत्ताच तर तुम्ही—"

"तुला आठवतो एक तरी आवाज? मग मसूर भिजव."

बखीतने हेडफोन परत केला. तोंड कडू करून, पण केला.

"आता सांगा," हसबल्ला म्हणाला. "आणखी कुठे कुठे 'काही नाही' म्हणालात? एकही लपवायचा नाही."

तैफूरने बोटं मोजायला घेतली. "मोठ्या तंबूत दोन. त्यातला एक पाण्याच्या रांजणाखाली."

"पुढे."

"चुलीखाली."

"माझ्या?" बखीत ओरडला.

"आणि..." तैफूर थांबला.

"बोला!"

"तुमच्या खाटेखाली. उशाकडच्या बाजूला."

हसबल्लाने डोळे मिटले. तो शब्द शोधत होता हे सगळ्यांना दिसलं, आणि तीन-चार जणांनी घाईने "अल्ला राखो" म्हणून टाकलं. पण त्याने काहीच उपमा दिली नाही. भर उन्हात तंबूत शिरून त्याने स्वतः खाटेचं एक टोक धरलं.

"उचला!"

खाट बाहेर गेली. चटई गेली. त्याची पेटी गेली. तैफूर गुडघ्यांवर बसला, हाताने दोन बोटं माती सरकवली, मशीन एकदा असं फिरवलं, एकदा आडवं. आठ जण श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत होते, जणू आवाज त्याच्या तोंडातून येणार होता.

"वाढलाय," तो म्हणाला. आवाजात आनंद कुठला, निव्वळ वैताग. "इथे आलो त्याच दिवशी, तंबू लावायच्या आधी ऐकला होता मी हा. कुदळ द्या."