माझी न गेलेली सीट

माझी मेडिकलची सीट आरक्षणात गेली नव्हती. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही, बायकोसमोरही नाही. उलट इतकी वर्षं नेमकं याच्या विरुद्ध सांगत आलो आणि लोकांनी मान डोलावून ते ऐकलं.

खरं असं की बारावीला मला मार्क कमी पडले. थोडेथोडके नाही, चांगलेच कमी. सरकारी कॉलेजची शेवटची यादी कुठे थांबली हे बघायला जायचीही गरज नव्हती. मामांची एका संस्थाचालकांकडे उठबस होती. त्यांनी शब्द टाकला आणि खासगी कॉलेजात मला मॅनेजमेंटची सीट मिळाली. शाळेत माझ्याच बाकावर बसणारा मित्र सरकारी मेडिकलला लागला. तो आरक्षणात बसणारा होता, पण त्याला त्याची गरजच पडली नाही. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क घेऊन तो ओपनच्या यादीतून गेला. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच्या आईनं दिलेला पेढा मी त्यांच्या ओट्यावर बसून खाल्ला होता.

पुढे कॅनडात येऊन परीक्षा, रेसिडेन्सी वगैरे उरकून टोरांटोच्या स्कारबरोत क्लिनिक टाकलं, त्या सुमाराला एका मराठी डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये पॉटलक होतं. इथले मराठी डॉक्टर पहिल्यांदा भेटले की नाव विचारतात, गाव विचारतात आणि तिसरा प्रश्न ठरलेला, कॉलेज कुठलं? मी सांगितलं.

"प्रायव्हेट?" यजमान हसले. "म्हणजे वडिलांचा खिसा जड होता तर."

सगळेच हसले. हेतू वाईट नव्हता. पण माझे कान तापले आणि मी म्हणून गेलो, "नाही हो, सरकारीतच लागणार होतो. रिझर्व्हेशनमध्ये सीट गेली."

"घ्या, अजून एक," सोफ्यावरचे एक इंजिनिअर म्हणाले. "सरका रे, डॉक्टरांना जागा द्या. आपल्यातलेच निघाले."

त्या बेसमेंटमध्ये प्रत्येकाचं काही ना काही कुणीतरी नेलेलं होतं. काहींचं खरंच गेलं असेल, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी मात्र बसलो, आणि प्लेट हातात आली. पुढच्या वेळी सांगताना गोष्टीत मित्र आला, माझ्याच बाकावरचा, माझ्यापेक्षा कमी मार्कांचा.

गेली काही वर्षं मी शेजारच्या शहरातल्या एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवर आहे. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी अर्ज करण्याचा एक वेगळा मार्ग होता. जागा राखीव नव्हत्या, मार्कांची अट सगळ्यांना होती तीच. फरक एवढाच की अर्ज वाचणाऱ्यांत आणि मुलाखत घेणाऱ्यांत त्यांच्या समाजातले डॉक्टर असत. तो मार्ग एका डॉक्टरबाईंनी खपून उभा केला होता. त्या जमैकाहून आलेल्या आईबापांची मुलगी, स्कारबरोतच, माझ्या क्लिनिकच्या मागच्या गल्लीत वाढलेल्या.

मग प्रांतात कायदा आला, प्रवेश गुणवत्तेवरच व्हायला हवेत असा. या मार्गावर त्यानं बंदी येते की नाही, ते वकिलांनाही धड सांगता येईना. मार्ग चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरवायला समिती बसली. अर्धी खोली इकडे, अर्धी तिकडे. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या देशात तर हे सगळं होऊन गेलंय. तुमचा काय अनुभव?"

मी माझी गोष्ट सांगितली. एवढ्या सरावानं ती मला छान सांगता येत होती. आवाज कुठे खाली आणायचा, तेसुद्धा. मार्ग थांबवायला जे कचरत होते त्यांना एका ब्राउन माणसाच्या तोंडून हवं ते मिळालं होतं. मार्ग या वर्षापुरता थांबवायचा, कायमचं काय ते पुढच्या बैठकीत, असं ठरलं.

बाहेर कॉफी मशीनपाशी बाई आल्या. त्या चिडल्या असतील असं मी धरून चाललो होतो.

"मला हे ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "आय ॲम सॉरी. त्या वयात असं व्हायला नको कुणाचं."

"इट्स ओके. जुनी गोष्ट आहे."

"माझ्या मुलांशी बोलाल का? या मार्गानं आलेल्यांशी? त्यांना रोज ऐकावं लागतं की तुम्ही कुणाची तरी जागा घेतली. ज्याची खरंच गेली अशा माणसाला त्यांना एकदा विचारू दे."

"काय विचारतील?"

"तो मित्र नंतर भेटला का, असंच काहीतरी."

"शेड्यूल बघतो," मी म्हणालो.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. क्लिनिकमध्ये ब्लड प्रेशर घेतो आणि आकडा विसरून पुन्हा पट्टा बांधतो. बर्फ पडायचं थांबायच्या आत ड्राइव्हवे शोव्हल करायला घेतो, मागे वळून बघतो तो पुन्हा पांढरा. बैठकीतलं इथल्या मराठी मंडळात कसं पोचलं कोण जाणे. त्याच यजमानांचा फोन आला, "शाब्बास डॉक्टर, कुणीतरी तोंड उघडलं." मी "हं" म्हणालो. नंतर दिवसभर ते "हं" तोंडात राहिलं.

कायद्यानं ते एरवीही थांबलंच असतं, माझ्या एकट्याच्या बोलण्यानं काय झालं, असं गाडी चालवताना स्वतःला सांगतो. हायवेवर पटतं. पार्किंगमध्ये गाडी बंद केली की पटत नाही. वेगळ्या मार्गानं मेडिकलला गेलेला त्या खोलीत मी होतो. मामांच्या एका शब्दावर. तेव्हा कुणाची जागा मी घेतली, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मलाही ते माहीत नाही.

बाईंनी दोनदा तारीख विचारली आहे. मी दोन्हीदा कामाचं कारण दिलं. पुढची बैठक अजून व्हायची आहे. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर आणि बाईंच्या देखत, मी सांगितलेलं खोटं होतं हे मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.