देवळातला दिवा कोण लावतं?

मंडळी, आज लोहाऱ्याच्या एका शाळेत माझ्या बालकादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. गोष्ट प्लेगच्या काळातली. अख्खं गाव रानात झोपड्या टाकून राहतंय, गावात चिटपाखरू नाही. तरी मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी दिवा दिसतो. तो कोण लावतं?

पोरांनी एकच गलका केला. कुणी म्हणालं भूत, कुणी म्हणालं चोर. मी हसून विचारलं, "सांगू का?"

पुढं बसलेली एक मुलगी ओरडली, "न्हाय मॅडम, सांगू नका! आमी वाचू की!"

मी पुस्तक मिटलं. कोरोनात माझे मिस्टर दवाखान्यातून फोनवर हेच म्हणाले होते. प्रत्येक प्रकरण मी आधी त्यांना वाचून दाखवायचे. शेवटचं तेवढं राहिलं होतं.

"सांगू नकोस," ते म्हणाले. धाप लागली होती. "घरी आल्यावर निवांत ऐकतो. पण पुजारीच असणार बघ."

ते घरी आलेच नाहीत.

आज मी शाळेतून परत आले, कुलूप काढलं आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. "पुजारी नव्हता हो," एवढंच मी म्हणाले.

पुस्तक आलं, पोरं वाचतायत, आनंदच आहे. पण आपलं लिहिलेलं सगळ्यात आधी ऐकणारं माणूस गेलं, की पुढचं कुणासाठी लिहायचं? तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?