खालच्या काकांचा पंखा

यंत्राला काय होतंय हे यंत्राच्याही आधी ज्याला कळतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि त्याचं निदान बहुतेक वेळा साफ चुकायचं. मोशीतल्या सोसायटीत ते बरोबर आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे, म्हणून आमच्या घरात ते ‘खालचे काका’. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला त्यांची उभी हयात गेली. मशीन कुरकुरायला लागलं की लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि घड्याळाबरोबर तो स्क्रूड्रायव्हरही घरी आला आणि मग सोसायटीतलं एकही यंत्र तपासणीतून सुटलं नाही. माझ्या मिक्सरचं बेअरिंग गेल्याचं त्यांनी जाहीर केलं. आत चहाचा चमचा निघाला. लिफ्टचा आवाज ऐकून ते म्हणाले, “ताई, हिचा भरवसा नाही,” आणि मेकॅनिक येईपर्यंत आम्ही सगळे भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढलो. मेकॅनिकने कुठलीशी धूळ झटकली आणि लिफ्ट उत्तम असल्याचं सांगितलं. काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वेळेत सांगितलं म्हणून वाचली भावा.”

पण त्यांचा खरा पेशंट घरातच होता. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली. त्याचं एका बाजूचं झाकण काकांनी कायमचं काढून ठेवलेलं, ‘आतल्याला हवा लागावी’ म्हणून. सोसायटीच्या नोटिसा छापायला मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायची. माझी रविवारची कामं कागदावर क्रमाने लिहिलेली असतात आणि प्रत्येकाला किती वेळ द्यायचा हेही ठरलेलं असतं. काकांच्या घरी तो कागद निकामी व्हायचा. कारण कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर त्याला कामाला लावणं त्यांना मंजूर नव्हतं. “थंड मशीनवर लोड द्यायचा नाही,” म्हणून आधी आमचा चहा व्हायचा. मग एक पान उघडायचं. ते बंद केल्याशिवाय दुसरं नाही. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मी वीस-पंचवीस पानं एकदम उघडी ठेवते हे एकदा त्यांना कळलं, तेव्हा मी घरातले सगळे नळ सोडून गावाला गेल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काकांचं बघणं म्हणजे तरी काय? चाकणच्या बाजारातला कांद्याचा भाव, कारण निघोजे गावातलं त्यांचं शेत भाऊ कसत होता, राजगुरुनगरकडचं हवामान, आणि बातम्या. बातम्यांचं पान उघडलं की कॉम्प्युटरचा पंखा जागा व्हायचा. आधी गुणगुणायचा, मग घुमायचा, आणि पानावरच्या जाहिराती नाचायला लागल्या की असा सुटायचा की टेबलावरची पेनं थरथरायची. “बघा, दोन ओळींची बातमी आणि बरोबर हे सगळं वऱ्हाड,” काका स्क्रूड्रायव्हर सरसावत म्हणायचे. “वाहणारा बिचारा एकटाच.” मग मूठ कानाला, डोळे बंद. तो आवाज डक्टमधून थेट वर माझ्या स्वयंपाकघरात यायचा. आमच्याकडे कुणी पाहुणा ‘हे काय वाजतंय?’ म्हणाला, तर माझी मुलगी सहज सांगायची, “काही नाही, काका पेपर वाचतायत.”

या पंख्याशी काकूंचं हाडवैर होतं, आणि त्याला कारण कुकर. त्यांचा सगळा स्वयंपाक शिट्ट्यांच्या हिशोबावर, आणि पंख्यापुढे शिट्टी ऐकू येईना.

“आवो, ती गिरणी बंद करा! किती झाल्या?”

“तीन.”

“तीन तर मगाशीच झाल्या!”

“मग चार धर.”

“धर काय, धर? डाळीचं पार पिठलं झालं!”

हे भांडण इतकं नेमाने व्हायचं की खरं सांगायचं तर माझ्या कुकरचा हिशोबही मी त्यावरच ठेवायची.

मग गेल्या वर्षी एका रविवारी काकांनी दार उघडलं तेच विजयी चेहऱ्याने. “या ताई. पंखा बरा केला. शिलाई मशीनचं तेल, फक्त दोन थेंब!” त्यांनी बातम्यांचं पान उघडलं. पंखा गुणगुणला, घुमला आणि पूर्वीपेक्षाही मोठ्याने सुटला. तेलाने त्याला उलट जोरच चढला होता. काका माझ्याकडे बघत हसत होते. “ऐका. येतोय का आवाज?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात काकू दिसल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

“अजिबात नाही,” मी म्हणाले. ते मला जवळजवळ ओरडून म्हणावं लागलं.

नोटिसा घेऊन निघाले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या. “आक्ख्या कंपनीत त्यांला ‘कान’ म्हणायचे बाई. अजून पोरं फोन मशीनजवळ धरत्यात, काका ऐका म्हणत्यात. आता तेच कान गेले हे मी कोणत्या तोंडानं सांगू? ऱ्हाऊ दे.” आणि त्या दिवसापासून ज्या बाईने वर्षानुवर्षं त्या पंख्याच्या नावाने शंख केला, ती गप्प झाली. पंखा घरभर घुमायचा आणि काकू कुकरजवळ उभ्या राहून शिट्टी डोळ्यांनी मोजायच्या.

दोन-तीन रविवार असेच गेले. मग एकदा काकू चहा टाकायला आत वळल्या तशी काकांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवर तळहात ठेवला.

“कसला पळतोय बघा.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “काका, तुम्हाला माहीत आहे?”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. “हाताला कळतंय की. आधी वाटलं, तेलानंच बरा झाला. मग वाटलं, ही ओरडत असेल, मलाच ऐकू येत नसेल. म्हणून तिच्या तोंडाकडे बघत बसलो, तर तोंडच हलेना!” ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. “माझ्यासाठी गिळतीय ती. गप बसायची सवय नाही हो तिला, आजारी पडेल. मशीनचं ऐकण्यात जन्म गेला, आता ऐकायला मशीन लावायचं म्हणजे लाज वाटत होती. पण आता बास. मला डॉक्टरकडे न्या ताई. तिला बँकेत जातो म्हणून सांगू.”

अशा कामांना मी फार वेळ लावत नाही. त्याच आठवड्यात भोसरीला जाऊन कान तपासले, श्रवणयंत्राचं माप दिलं, आणि ते मिळालं त्या दिवशी आम्ही दोघं ‘बँकेतून’ परतलो. काकांनी कॉम्प्युटर सुरू केला. त्या दिवशी चहासाठीही न थांबता थेट बातम्या उघडल्या. पंखा सुटला तसे ते खुर्चीतून अर्धवट उठलेच. “अरे बापरे! हा एवढा बोंबलतो?”

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. काकू दारात आल्या, त्यांनी काकांच्या कानामागची ती वस्तू पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले, आणि मग इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं: “आवो, मग बंद करा की तो मुडदा! माझा भात करपला न्हवं का आत!”

काका डोळे मिटून ऐकत होते. मूठ कानाला लावण्याची गरज नव्हती.

यंदा मुलीने दोघांना बंगळूरला नेलं. तिथे तिने काकांना नवा लॅपटॉप दिलाय, बिनपंख्याचा. “चालू आहे की मेलाय, तेच कळत नाही,” असं फोनवर म्हणाले. खालच्या फ्लॅटमध्ये आता दोन मुलं राहतात, दिवसभर कॉम्प्युटरवरच असतात, पण कसलाही आवाज नाही. डक्ट शांत आहे. रविवारची माझी सगळी कामं दुपारच्या आत उरकतात, आणि कुकरच्या शिट्ट्या मला अगदी बरोबर मोजता येतात. डाळ मात्र हल्ली पूर्वीसारखी लागत नाही.