अर्जुनरावांचा उतरवलेला ओटा

ओटा बांधणं हा अर्जुनराव ढग्यांचा मूळ धर्म. भजन हा जोडधंदा. वांगी-कोथिंबीर पिकवून जो वेळ उरे, त्यात ते गावातलं एखादं मोकळं झाड हेरत आणि त्याच्या बुडाशी ओटा घालत. पिंपळाला घातला, लिंबाला घातला, दोन उंबरांना घातला. एका बाभळीलाही घातला; ती वर्षभरात वाळून गेली, ओटा मात्र ठणठणीत आहे. प्रत्येक ओट्याला फरशी, फरशीवर भजनी मंडळाचं नाव आणि खाली ‘अध्यक्ष’ म्हणून त्यांचं. फरशी ते विटांच्या आधी कोरून आणत. देव काय, मागून बसवता येतो.

पंच्याहत्तरी उलटली तरी आरतीनंतर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “आपला एकबी ओटा आजवर कोनाच्या बापानं हलवला नाही.” मंडळ माना हलवायचं. चाळीस वर्षं भजन केल्यावर मानेला तेवढी सवय लागतेच.

गाव सातपुड्याच्या पायथ्याला. गावाच्या वर कोरकू लोकांचा ढाणा, म्हणजे तीसेक घरांची वस्ती, आणि ढाण्याच्या वर एक टेकडी. टेकडीवर मोहाखाली एक ओबडधोबड दगड. तो त्यांचा मुठवा देव. त्याला शेंदूर नाही, घंटा नाही, कळस नाही. बाजूला मेलेल्या माणसांच्या आठवणीचे सागाचे कोरीव खांब, पावसानं काळे पडलेले. एवढ्यात ज्याचं भागतं असा देव अर्जुनरावांना कधी समजला नाही.

यंदा ती टेकडी एका ठेकेदाराला समजली. रस्त्याला मुरूम पाहिजे होता. ढाण्यानं वनहक्काचा दावा टाकला, की टेकडी आमच्या देवाची आहे. ठेकेदारानं उलट कागद दिला, की टेकडी रिकामी आहे, तिथं देवस्थानाची खूण नाही, खांब काय कोणीही रोवतं. चौकशीची तारीख लागली आणि चौकशीवरच्या साहेबानं निरोप धाडला: ढाण्याबाहेरचा, जुनं माहीत असलेला साक्षीदार आणा.

म्हणून कोरकूंचा पुजारी सोमजी भुमका शनिवारी भजनाला खाली आला. मंडळाचा सचिव रमाकांत हा रिटायर कारकून. पाठिंबा म्हटल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं.

“ठराव घेऊन टाकू. टेकडीवर सप्ताह बसवू, भोंगा लावू, दगडाले शेंदूर लावू. अन् खूणच पाह्यजे ना साहेबाले? आपले अध्यक्ष चार दिवसांत ओटा बांधून देतीन.”

सोमजी शांतपणे म्हणाला, “दादा, ठेकेदार एकटाच पुरे हाय आमाले. तुमी ओटा बांधसान, त साहेब म्हनन कालच बांधला. अन् साहेब खरंच बोलन.” मग तो अर्जुनरावांकडे वळला. “अर्जुनभाऊ, तुमी या साक्षीले. तुमाले त सारं आठवतेच.”

अर्जुनरावांच्या टाळाची दोरी नेमकी तेव्हाच सैल झाली. ती आवळण्यात त्यांनी अर्धा तास काढला.

सकाळी त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई अंगणात धुणं आपटत होत्या. ज्या फरशीवर आपटत होत्या, ती शहाऐंशी सालापासून पालथी पडली होती. त्या साली अर्जुनराव कोणालाही न विचारता गाढवांवर विटा लादून टेकडीवर गेले होते आणि निम्मा ओटा बांधूनही झाला होता. सोमजीचा बाप आला. भांडला नाही, हात उगारला नाही. अख्खा ढाणा घेऊन ओट्यासमोर उपाशी बसला. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, “जे वर आनलं ते खाली ने. गाढवावर नाही, तुह्या डोक्यावर. अन् अनवानी.” दोन दिवस अर्जुनराव एकेक वीट उतरवत होते, शेवटी ही फरशी. गावात सांगितलं, जानेफळला पाव्हण्याकडं गेलो होतो.

“सांगून द्या ना एकदाचं,” रुख्मिणीबाई म्हणाल्या.

“लोक काय म्हनतीन वं?”

“आता काय कमी म्हनतेत? अन् नाही सांगतलं, टेकडी गेली, त सोमजीच्या दारावरून शेतात कोन्या तोंडानं जासान?”

शेताची वाट खरंच तिथूनच होती.

तारखेला मंडळ पाठिंब्याला गेलं. सोमजीच्या अटी कडक: चपला नाही, भोंगा नाही, शेंदूर नाही, आवाज नाही. बावीस टाळकरी टाळ मांडीत घेऊन पायथ्याशी गुपचूप बसले. इतक्या वर्षांत मंडळ पहिल्यांदाच सुरात होतं.

साहेब टेकडी पाहून खाली आला. “वर बांधलेलं काहीच नाही. देवस्थान कशावरून म्हणायचं?”

रमाकांत भाषणाला उठला. त्याला हातानं खाली दाबून अर्जुनराव उठले आणि सांगत गेले. विटा, गाढवं, दोन दिवस, जानेफळची थाप, सारं. मागं कोणीतरी फसकन हसलं. ते थांबले, घाम पुसला आणि पुढं सांगू लागले.

“याला पुरावा?” साहेबानं विचारलं.

रुख्मिणीबाईंनी बैलगाडीतून फरशी उतरवून घेतली. काठाला अजून साबणाचा फेस होता. साहेबानं वाचलं: श्री मुठवा देव ओटा, अध्यक्ष अर्जुनराव ढगे, सन १९८६.

“मग हा ओटा आहे कुठं?”

“तेच त सांगून राह्यलो, साहेब. मुठव्याले बांधलेलं चालत नाही. माह्यासारख्याले उतरवायले लावलं, म्हनून तुमाले आज रिकामं दिसून राह्यलं.”

साहेबानं दोन पानं लिहिली. अर्जुनरावांनी सही केली; खाली ‘अध्यक्ष’ लिहायला ते पहिल्यांदाच विसरले.

अडीच महिन्यांनी दावा मंजूर झाला. ठेकेदाराला मुरूम दुसरीकडं सापडला. रमाकांतनं लगेच ठराव आणला, की ही ऐतिहासिक फरशी पायथ्याशी एक छानसा ओटा बांधून बसवावी.

“तुह्या डोक्यावर बसवतो,” अर्जुनराव म्हणाले.

फरशी अंगणात परत आली, आता मात्र उताणी. अक्षरांवर घासलं की मळ लवकर निघतो, हे रुख्मिणीबाईंच्या ध्यानात आलं आहे. मुठव्याचं नाव वरच्या कडेला, शाबूत आहे. मधलं ‘अध्यक्ष’ झिजत चाललं आहे.