मामाने भाचीला उचलायचं असतं

माझ्या भाचीचं लग्न अगदी व्यवस्थित पार पडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना काळजी करायची असेल तर ती माझी करा, तिची नको.

आमच्यात मामा नवरीला दोन्ही हातांवर उचलून बोहल्यावर आणतो. सायली ही रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेल्या माझ्या ताईची एकुलती एक लेक. लहानपणी प्रत्येक सुट्टीत ती पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मुक्कामाला असायची. मी तिला खांद्यावर घेऊन फिरायचो आणि मूर्ती न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना बजावायचो, "एक हात पाठीला, एक पुढून! सावकाश, धक्का लागू देऊ नका!" की खांद्यावरून ही चिमुरडी ओरडायची, "धक्का लागू देऊ नका!" अशाच एका दिवशी मी तिला म्हणून गेलो, "लग्नातपण अशीच उचलून नेईन हो तुला." पोरीने ते मनात धरून ठेवलं. लग्न ठरल्यावर नवऱ्याचं नाव सांगायच्या आधी तिने फोनवर विचारलं, "मामा, उचलशील ना रे?"

"म्हणजे काय! विचारायची गोष्ट आहे का ही?" मी म्हणालो. फोनवर बोलायला पाठ लागत नाही.

आता पाठीचं सांगतो. मी मूर्तींचे डोळे आखतो. वर्षभर मान खाली आणि पाठ वाकलेली. त्यामुळे तिचा पार दगड झालाय. (बायको म्हणते, फक्त पाठीचाच नाही.) म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी रोह्याला उतरल्याबरोबर बायकोला रिक्षाने ताईकडे धाडलं आणि "जरा हार बघून येतो" अशी थाप मारून मी मसाज करणाऱ्या एका मॅडमकडे गेलो. रीतसर शिकलेल्या, दिसायला किरकोळ. त्यांनी माझ्या खांद्याच्या पात्याखाली अंगठा रोवला मात्र, माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले!

पण उठलो तेव्हा अंग कसं पिसासारखं हलकं! मॅडम म्हणाल्या, "आत्ता बरं वाटेल, पण संध्याकाळपासून दुखायला लागेल. घाबरू नका. न वापरलेले स्नायू आज पहिल्यांदा हललेत. पहिल्या दिवशी भात लावल्यावर दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ना, तसंच. पाणी प्या, जरा चाला, कोमट पाण्याने आंघोळ करा. एकदोन दिवसांत आपोआप जाईल. मात्र त्यावर कोणाला चोळू देऊ नका आणि जड काही उचलू नका."

"उद्या थोडंसं उचलायचंय," मी म्हणालो.

"काय?"

"नवरी."

मॅडमनी टॉवेल खाली ठेवला. "अहो, मग लग्न झाल्यावर यायचं होतं ना!"

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

संध्याकाळी हळदीच्या मांडवात पाऊल टाकलं आणि मॅडमचा शब्द खरा झाला. आधी खांदे, मग पाठ, मग कुठे कुठे म्हणून सांगू! बायकोने मला खांबाला धरून चालताना पकडलं. तिला सगळं सांगावं लागलं. "कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं. तिने खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त ताईला सांगितलं, तेही शेजारी डीजे वाजत असल्यामुळे ओरडून!

पहिले धावत आले ते भावोजी, धाटावच्या कंपनीतले. "सदा, घाबरू नको. कंपनीत बोलून फोर्कलिफ्ट आणू काय?" असं म्हणत त्यांनी खिशातून बामची डबी काढली.

"भावोजी, चोळायचं नाय सांगितलंय!"

"मी कुठं चोळतोय? नुसता दाबतोय!" आणि त्यांनी नेमका तोच स्नायू दाबला, जो मॅडमनी सकाळी जागा केला होता. तो आता किंचाळू लागला.

मग खारेपाटातली काशीआत्या आली. हातात तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी. "आमच्याकडं आगरात दिवसभर मीठ ओढून माणसांच्या पाठी मोडतात, त्या यानंच सरळ होतात. पालथा पड!"

"आत्या, लय गरम हाय ती!"

"गरमच पायजे रे! थंड मीठ आमटीत घालतात!"

तेवढ्यात कुणीतरी बाई ओरडली, "अगो, मामाला हळद लागली नाय अजून!" झालं! डझनभर बायका धावल्या. हळद, तेल आणि वर्षानुवर्षं भाकऱ्या थापून तयार झालेले हात! मॅडमनी जी गोष्ट करू देऊ नका म्हणून सांगितलं होतं, अख्खी अष्टमी तीच गोष्ट माझ्यावर हौसेने करत होती.

रात्री जेवताना सायली हळूच शेजारी येऊन बसली. मला वाटी उचलता येत नव्हती, ते तिने बघितलं. "मामा, राहू दे रे. मी चालत जाईन." म्हणाली खरी, पण ताटातली जिलेबी नुसती फिरवत होती.

"उचलणार म्हणजे उचलणार!" मी ताटाशेजारी दणकन मूठ आपटून म्हणालो. त्या दणक्याने मानही गेली.

सकाळी कोमट पाण्याने आंघोळ केली, तांब्याभर पाणी प्यायलो, मांडवाला चकरा मारल्या. उशिरा का होईना, मॅडमचं ऐकलं. भटजींनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" सायली शालू नेसून, मुंडावळ्या बांधून समोर उभी. मी देवाचं नाव घेतलं, खाली वाकलो, तिच्या गुडघ्यांमागे हात घातला आणि...

आणि तिथेच राहिलो! वर येईना, खाली जाईना. भटजींनी पुन्हा पुकारलं, "मामा, मुहूर्त टळतोय!" फोटोग्राफर म्हणाला, "मामा, जरा इकडं बघा." बघणार कसा? मला फक्त सायलीचे पाय दिसत होते. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही पाठीमुळे नव्हतं.

मग कानाशी सायलीचा आवाज आला, "मामा, हलू नको. माझ्यावर भार टाक." तिचा एक हात माझ्या पाठीवर आला, एक पुढून छातीशी. तिने मला सावकाश सरळ केलं, तसंच कवेत धरलं आणि पावलापावलाने बोहल्याकडे निघाली. वाटेत करवल्या आडव्या आल्या तशी ठणकावून म्हणाली, "बाजूला व्हा! धक्का लागू देऊ नका!"

मग मागून काशीआत्याच ओरडली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" अख्खा मांडव गरजला. वरपक्षसुद्धा! बँडवाल्याने तर विसर्जनाचा ठेका धरला. सायली हसता हसता रडत होती, मी रडता रडता हसायचा प्रयत्न करत होतो, पण हसलं की बरगड्या दुखत होत्या.

दुखणं मॅडमनी सांगितलं होतं तसंच एकदोन दिवसांत आपोआप गेलं. मांडवात पडलेलं 'गणपती' हे नाव मात्र गेलं नाही. आजही मी अष्टमीला गेलो की दारातले लोक "मामा, कधी आलात?" असं विचारत नाहीत. विचारतात, "मामा, कोणी आणलं?"