यमुनाताईंचा कान

आमच्या कँटीनमध्ये चहा येईपर्यंत एक किस्सा होतो आणि चहा संपेपर्यंत दुसरा. यमुनाताईंचे किस्से असेच साठत गेले. कँटीनमध्ये किस्सा थोडा फुगतोच, पण खालचे सगळे मी स्वतः पाहिलेले किंवा खुद्द ताईंनी सांगितलेले आहेत, तेव्हा निर्धास्त वाचा.

मी जुन्नरजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतो. माझं गाव जवळचंच, कळंब. आमची दुर्बीण डोळा लावून बघायची नाही. शेतांमध्ये मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत, त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. ताई तिथल्या शास्त्रज्ञ. बाहेरचे लोक त्यांना मॅडम म्हणतात, आम्ही इथलेच, म्हणून ताई.

माहेर बेल्ह्याजवळची मेंढपाळांची वस्ती. वडील, म्हणजे आबा, अजून तिथंच मेंढरं राखतात. आई गेल्यापासून एकटेच असतात. ताईंना वाटायचं, आबांनी एकदा येऊन आपलं काम बघावं. आबांना वाटायचं, पोरीनं घरी येऊन चार दिवस राहावं. अंतर गाडीनं तासाभराचं, पण "येते", "येतो" यातच वर्षं चालली होती.

*

ताईंची शाळा मेंढरांबरोबर फिरायची. कळप ज्या गावाजवळ बसेल त्या गावच्या शाळेत काही दिवस बसायचं. त्यामुळे ताई भागाकार तीन गावांत शिकल्या आणि गुणाकार एकाही गावात नाही. मग काय करावं या पोरीनं? भागाकार उलटा फिरवून गुणाकार स्वतःच काढला. पुढच्या गावातल्या गुरुजींनी चकित होऊन विचारलं, हे कुणी शिकवलं?

"कुणी न्हाई गुरुजी. तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

*

दुर्बिणीवरच्या नोकरीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, सिग्नल ऐकण्याचा आधीचा काही अनुभव? ताईंनी सरळ मेंढवाडा सांगितला. मेंढरांच्या गळ्यात घंटा असतात, त्या हलत्या राहतात आणि त्या आवाजात मेंढपाळ खुशाल झोपतो. समितीतले एक साहेब हसत म्हणाले, म्हणजे आवाज झाला की जाग येते तर!

"न्हाई सर, आवाज थांबला की."

साहेब हसायचे थांबले. नोकरी मिळाली.

*

आमचा खरा शत्रू म्हणजे गावातल्या मोटारसायकली. त्यांच्या ठिणगीनं रेडिओ लहरींत खरखर मिसळते. एकदा एका तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की आठवड्यातून एका दिवशी आकाश भलतंच स्वच्छ ऐकू येतं. त्यानं सूर्य तपासला, हवामान तपासलं, आमची यंत्रंही उघडायला लावली. मोठा शोध लागणार म्हणून गडी अगदी फुलला होता.

ताईंनी तो दिवस कोणता एवढंच विचारलं आणि म्हणाल्या, "अरे, बेल्ह्याचा बैलबाजार असतो त्या दिवशी. सगळ्या गाड्या तिकडं जातात."

तेव्हापासून नाजूक निरीक्षणं आम्ही बाजाराच्या दिवशी लावतो. देशभरातून येणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यामागचं कारण काय सांगायचं, यावर अजून एकमत झालेलं नाही.

*

मग ताईंच्या टीमनं बनवलेला रेडिओ रिसीव्हर देशाच्या उपग्रहावर बसून वर गेला. चालू करायचा दिवस आला, आज्ञा गेली, आणि काहीच नाही. नुसतीच खरखर. सगळे तज्ज्ञ त्या खरखरीत सिग्नल शोधायला लागले. आयुष्यभराचं काम पाण्यात जातंय असं वाटत होतं.

ताई मात्र पडद्याकडे बघून म्हणाल्या, आलंय काय ते शोधू नका, गेलंय काय ते बघा. इथं चाचण्या घेताना रिसीव्हरच्या आतल्या घड्याळाची एक बारीक रेघ पडद्यावर कायम दिसायची. आम्हाला ती नकोशी व्हायची. तीच आता दिसत नव्हती. म्हणजे घड्याळच सुरू झालेलं नव्हतं! जोडीला दिलेलं दुसरं घड्याळ चालू करायची आज्ञा पाठवली, रेघ उमटली, आणि तिच्या मागोमाग सिग्नल. मी रडलो. लपवायचं कशाला?

*

दिल्लीत ताईंचा मोठा सत्कार झाला. शाल मिळाली. ताईंनी ती कौतुकानं आबांना पाठवून दिली आणि वस्तीवरच्या एकाच्या मोबाईलवर फोन करून त्यांना विचारलं, शाल आवडली का? आबा म्हणाले, लई ऊबदार हाय. ताईंना भरून आलं. पुढच्या आठवड्यात मी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून वस्तीवर डोकावलो. कडाक्याची थंडी होती. देशानं दिलेली शाल पांघरून एक नुकतंच जन्मलेलं कोकरू चुलीजवळ झोपलं होतं.

मी ताईंना सांगितलं. त्या खूप हसल्या, आणि मग त्यांनी विचारलं, आबांच्या अंगावर काय होतं?

*

आणि एक दिवस आबा आले. ओझरला गणपतीच्या दर्शनाला आलेल्या टेम्पोतून थेट आमच्या गेटवर. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. आमच्याकडे मोबाईलच्या लहरीही चालत नाहीत, म्हणून गेटवरच्यानं मोबाईल जमा करायला सांगितला, तर म्हणाले, न्हाईच माझ्याकडं, जमा काय करू?

ताई धावतच आल्या. आबांना कंट्रोल रूममध्ये नेऊन खुर्चीत बसवलं, उपग्रहाकडून येणारा सिग्नल स्पीकरवर लावला. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. आबांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. ताईंचं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर.

"लई लांबनं येतंय," आबा म्हणाले.

"हो आबा. लई लांब हाय ते."

"एकलंच हाय?"

"एकलंच."

आबांनी मान हलवली. "काम झाल्यावर माघारी कवा येतं?"

"न्हाई आबा, ते माघारी येत न्हाई. तिथंच ऱ्हातं."

आबांनी डोळे उघडले. स्पीकरकडे बघितलं, मग लेकीकडे.

"आन् तू?"

ताईंनी पुढं होऊन आबांची घोंगडी उचलली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ. बेल्ह्याला जायचंय."