घरच्यांनी भरायचा कागद

“बोलायचं ते सगळं मी बाहेरच बोलून येते, शाळेत उरत नाही काही,” असं देल्फिना रेझेंदिस मला एकदा म्हणाली होती. मी शाळेच्या ऑफिसात तिच्या उशिराच्या चिठ्ठीवर कारण लिहीत होते. कारण नेहमीचंच: आईबरोबर दवाखान्यात.

तिची आई लुर्देस पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. पोर्तुगालच्या आझोरेस बेटांवरून अमेरिकेत येऊन तिला एकोणीस वर्षं झाली, पण इंग्रजी तिच्या तोंडात बसलं नाही. आमच्या या गिरण्यांच्या गावात पोर्तुगीजवर जन्म काढता येतो. अडतं ते ऑफिसांच्या खिडक्यांपाशी. तिथे नवव्या वर्षापासून देल्फिना बोलायची. दवाखान्यात लुर्देस म्हणायची, “काही नाही, जरासं दुखतं,” आणि देल्फिना डॉक्टरला सांगायची, “चार रात्री झोपलेली नाही.” वडिलांची पाठ कामावर मोडली तेव्हा विम्याच्या माणसाला तिनं असं धरलं, की त्यानं नंतर मला विचारलं, ही मुलगी वकिलाकडे कामाला आहे का?

शाळेत मात्र ती असून नसल्यासारखी होती.

शेवटच्या वर्षी तिला बोस्टनच्या एका कॉलेजात जागा हवी होती. फी, राहणं, जेवण, सगळं माफ. दुसरी वाट नव्हतीच. मार्क भरपूर होते. हवं होतं ते शिक्षकाचं शिफारसपत्र, आणि पत्र मागायला तोंड उघडावं लागतं. तोंडाळ पोरांनी मे महिन्यातच रसायनशास्त्राच्या थिबोला गाठून ठेवलं होतं. हा थिबो याच शाळेत शिकलेला, माझ्या डोळ्यांदेखत मास्तर झालेला. सप्टेंबरात देल्फिना त्याच्या दारापाशी तीन दिवस नुसती उभी राहिली. चौथ्या दिवशी काय झालं ते त्यानंच मला हसत हसत सांगितलं.

“मी विचारलं, कुणाला शोधतेयस? तर म्हणते, तुम्हालाच. म्हटलं, तू माझ्या वर्गात आहेस? तर म्हणते, दोन वर्षं. लाज वाटली, आल्दा. हो म्हणून बसलो. आता लिहू काय, कपाळ?”

त्यासाठी शाळेत दोन कागद असतात. पोरं त्यांना बढाईचे कागद म्हणतात. एक पोरानं भरायचा, एक घरच्यांनी. आणि घरच्यांच्या कागदाला पोरानं हात लावायचा नाही. स्वतःच्या कागदावर देल्फिनानं दीड ओळ लिहिली: रसायनशास्त्र आवडतं, शनिवारी बेकरीत काम. दवाखाना नाही, विमा नाही. ते तिला सांगण्यासारखं वाटलंच नसावं.

ज्या घरी इंग्रजी नाही, त्यांचं पोर्तुगीज ऐकून कागद इंग्रजीत भरून देणं माझं काम. दुसरा कागद घेऊन लुर्देस जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. कारखान्याच्या डगल्याला दोरे चिकटलेले होते.

“लिहा, दोना आल्दा. पोरगी साधी आहे. चारचौघींसारखी.”

“अगं लुर्देस, इथे कौतुक लिहायचं असतं.”

“कुणी, आईनं?” दृष्ट लागू नये म्हणून तिनं बोटांच्या फटीत अंगठा खुपसून मूठ वळली आणि टेबलाखाली धरली. “माझ्या जावेनं केलं होतं पोराचं कौतुक, गल्लीभर. वर्षात पोरगं गेलं. तुम्ही लिहा: भात करपवते. घुमी आहे. देवानं दिलंय तेवढं करते, जास्त काही नाही.”

“मास्तर वाचणार आहे हे.”

“वाचू दे की. शहाणा असेल तर कळेल त्याला.”

मग तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पहिलीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं काढली. एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. “ही सोबत लावायची का?”

“नाही, नकोत,” मी म्हणाले.

मला सगळं कळत होतं. माझ्या आईनंही मरेपर्यंत मला चांगलं म्हटलं नाही. पण पालक बोलतील ते शब्दाला शब्द लिहायचं, असा नियम आहे, आणि तो पाळण्याचा मला अभिमान होता. भाषांतर माझं, खाली सही माझी. आमच्यात आई असंच बोलते, एवढी एक ओळ मावेल इतकी जागा कागदावर होती. पण बाहेर माणसं खोळंबली होती, मला पुढचं काम उरकायचं होतं. मी शिक्का मारला.

डिसेंबरात कॉलेजचा नकार आला. नकारात कारण लिहीत नाहीत. अर्ज फार होते म्हणतात. असतीलही.

जानेवारीत ती दुसऱ्या एका कॉलेजचा फॉर्म घेऊन ऑफिसात आली. थिबो झेरॉक्सपाशीच उभा होता.

“तेच पत्र पाठवतो,” तो खुशीत म्हणाला. “मस्त उतरलंय. मला तर काही सुचत नव्हतं, तुझ्या आईनं वाचवलं बघ. बाकीच्यांच्या आयांना विचार, सगळ्यांची पोरं देवदूत! तुझी आई एकटी खरं बोलली. मी लिहिलं: घरची माणसंसुद्धा जिच्याविषयी मोठा दावा करत नाहीत, अशी ही साधी, गप्प मुलगी.”

त्याला ती स्तुती वाटत होती.

“आईनं लिहिलं?” देल्फिनानं विचारलं.

त्यानं फाइलमधून कागद काढून दिला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला. मग खालची सही बघितली, आणि माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलली. “आई असं म्हणाली?”

“शब्दाला शब्द. नियम आहे गं.”

“आणि तुम्हाला कळलं नाही, ती असं का म्हणाली?”

खोटं बोलता आलं असतं. “कळलं होतं,” मी म्हणाले.

थिबो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. “काय झालं? माझं काही चुकलं का?” त्याला कुणी इंग्रजीत सांगितलं नाही.

देल्फिनानं तो कागद माझ्यासमोर ठेवला, नवा फॉर्म पुन्हा बॅगेत घातला, आणि बाहेर गेली.